तुम्ही विचारलंत म्हणून: हीलर माईन्समध्ये मरत काहून नाही?

"मामा, तुम्ही मरत काहून नाही?" हा प्रश्न भाच्यानं पहिल्यांदा विचारला मागच्या मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास, बाहेर रस्ता असा तापलेला की कुत्रंसुद्धा नालीत उतरून बसलं होतं, कूलरमध्ये नुकतं पाणी टाकलेलं आणि माझ्या मेडिकलच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. मी काउंटरमागे जुन्या लॅपटॉपवर नेटहॅक खेळून राहिलो होतो. तेव्हापासून त्याच्या हॉस्टेलचे चार पोट्टे, आमच्याकडे येणारा एक एमआर (औषध कंपनीचा माणूस), आणि पानठेल्यावरचा एक जण जो स्वतः फक्त मोबाईलवर रमी खेळतो, सगळ्यांनी हेच विचारून झालं. म्हणून एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक देईन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. नेटहॅक हा 1987 पासूनचा फुकट गेम आहे, 1980 च्या रोग नावाच्या गेमच्या खानदानातला, म्हणून या प्रकाराला रोगलाईक म्हणतात (आमच्या धंद्यात रोग शब्दाचा अर्थ वेगळा, ते सोडा). चित्रं नाहीत, अक्षरंच. तुम्ही म्हणजे ॲटचं चिन्ह, राक्षस म्हणजे ए बी सी डी. आणि मेलात की मेलात, सेव्ह केलेलं परत उघडून पुन्हा चान्स घेणं नाही, पहिल्यापासून सुरू.

यात हीलर म्हणून एक कॅरेक्टर आहे. मी मेडिकलवाला असल्यानं मला तोच आवडला, हे उघडच आहे. त्याच्याजवळ काय असतं तर एक स्काल्पेल, एक स्टेथोस्कोप, हातमोजे, हीलिंगच्या चार बाटल्या, एक्स्ट्रा हीलिंगच्या चार बाटल्या, हीलिंगचे मंत्र, झोपवायची एक वाँड (जादूची काडी), पाच सफरचंदं आणि पैसा. पैसा भरपूर, 1001 ते 2000 सोन्याची नाणी, दुसरं कोणी एवढं घेऊन उतरत नाही. डॉक्टर श्रीमंत असतो हे गेम बनवणाऱ्यांनाही माहीत होतं म्हणायचं. पहिल्या लेव्हलला (लेव्हल म्हणजे अनुभवानं वाढणारा दर्जा, मजला नाही) त्याची पदवी असते र्‍हायझोटोमिस्ट, म्हणजे मुळं कापणारा, आपल्याकडचा जडीबुटीवाला.

आता माईन्स. डन्जनच्या, म्हणजे ज्या तळघरात खेळ चालतो त्याच्या, दुसऱ्या ते चौथ्या मजल्यावर कुठंतरी खाली जायची एक जास्तीची पायरी सापडते, ती नोमिश माईन्सची, म्हणजे नोमांच्या खाणींची. आत नोम आणि ड्वार्फ, दोन्ही बुटक्या जाती, आणि तुम्ही माणूस हीलर असाल तर सगळे अंगावर येणारे. नोमचं काही नाही, ते किरकोळ आहेत. पण लाल रंगाचा एच दिसला ना, तो ड्वार्फ, आणि त्याच्या हातात मॅटक (कुदळीसारखं जड हत्यार) असेल तर विषय गंभीर आहे राजेहो. त्याच्या एका फटक्याचं गणित असं की स्वतःचे 1 ते 8 आणि वर मॅटकचे 1 ते 12, म्हणजे नशीब फुटकं असेल तर एका दणक्यात 20. माणूस हीलरचे सुरुवातीचे एचपी, म्हणजे जीव, 13. तुमच्या झोळीत आठ बाटल्या असोत की ऐंशी, तुम्हाला बूच उघडायलाच वेळ मिळत नाही.

इथंच सगळे चुकतात. भाचाही असाच चुकला. त्याला वाटलं हीलर आहे, भरून काढायची ताकद आहे, तर मार खायचा आणि भरून काढायचं, मार खायचा आणि भरून काढायचं. पहिल्या लेव्हलला हीलिंगचा मंत्र लागतो पाच पॉवरला (मंत्रासाठीची ताकद) आणि तेवढी पॉवर फार फार तर एका वेळेपुरती असते, नशीब नसेल तर तेवढीही नसते. दुकानात मी हे रोज पाहतो, मे महिन्यात डोक्याला दुपट्टा न बांधता भर उन्हात बर्डीच्या बाजारात जाऊन आलेला माणूस चक्कर येऊन राहिली म्हणून ओआरएस मागतो, आणि मी देतो, आणि तो उद्या पुन्हा तसाच जातो.

तर माझं उत्तर असं आहे की हीलरनं माईन्समध्ये लढायचंच नाही. मारायचं सुद्धा नाही. भित्रेपणा म्हणा पाहिजे तर, पण त्यामागं पैशाचा हिशोब आहे, तो सांगतो.

माईन्समध्ये तीन-चार मजले खाली माइनटाउन लागतं, छोटं गाव, दुकानं, पहारेकरी, आणि एक देऊळ. देवळात पुजारी. त्याच्याशी बोलून दान द्यायचं. तुमची लेव्हल गुणिले 400 एवढं किंवा त्याच्यावर दिलं तर तो तुम्हाला एक पॉइंट संरक्षण देतो, कायमचं, अंगावर चिलखत नसतानाही चिलखत असल्यासारखं. म्हणजे पहिल्या लेव्हलला भाव 400, दुसऱ्या लेव्हलला 800, तिसऱ्याला 1200. लक्षात आलं? जेवढे तुम्ही शूरवीर, तेवढा पुजारी महाग. 1700 नाणी घेऊन पहिल्या लेव्हललाच पोचलात तर चार वेळा 400 देता येतात, एसी 8 वरून सरळ 4 वर (एसी म्हणजे संरक्षणाचा आकडा, यात आकडा जेवढा कमी तेवढं चांगलं, सुरुवातीला मलाही उलटं वाटायचं). तेच 1700 घेऊन दुसऱ्या लेव्हलला पोचलात तर दोनदाच. आणि दुसरी लेव्हल व्हायला फक्त 20 अनुभव लागतो, दोन-चार नोम मारले की झालं काम. रस्त्यात समोर आला म्हणून ठोकलेल्या नोमची किंमत देवळात चुकवावी लागते, बाप्पा.

मग मारायचं कोणी? कुत्र्यानं. सुरुवातीला सोबत एक पिल्लू मिळतं, कधी कुत्रं कधी मांजर, आणि ते जे मारते त्याचा अनुभव तुम्हाला मिळत नाही. हीलरची सगळी विद्या या पिल्लासाठी आहे हे मला समजायला दोन वर्षं लागली, खरं सांगतो. स्टेथोस्कोप त्याला लावायचा, त्यात तुमची खेळी जात नाही, टर्नमध्ये एकदा फुकट आहे, आणि त्याचे एचपी किती उरले ते कळते. कमी दिसले तर हीलिंगचा मंत्र स्वतःवर नाही, त्याच्या दिशेनं टाकायचा. मी माझ्या बाटल्याही या टप्प्यात हात न लावता ठेवतो. भाच्यानं हे ऐकल्यावर म्हटलं, "म्हणजे मामा, तुम्ही कुत्र्याचे डॉक्टर." हाव. तसंच समज.

ड्वार्फ दिसला तर वाँड. झोपवायच्या वाँडमध्ये 4 ते 8 चार्ज असतात, म्हणजे तेवढ्याच वेळा चालते, त्यामुळे नोमवर वाया घालवायची नाही. ड्वार्फ तुमच्या सरळ रेषेत किंवा तिरप्या रेषेत यायला हवा, आणि तो लांब असतानाच मारायची, कारण तो किरण भिंतीवर आपटून परत येतो आणि तुम्हालाही झोपवतो. असं झालं की तुम्ही कितीतरी टर्न घोरता आणि नोम येऊन तुम्हाला निवांत टोचत बसतात. माझे किमान तीन हीलर असे स्वतःच्याच वाँडनं गेले. एकदा किरण परतताना पिल्लालाही लागला, आम्ही दोघं शेजारी शेजारी झोपलो, नंतर एक नोम लॉर्ड आला. पुढचं सांगत नाही.

आणि वाँड संपली तरी घाबरायचं नाही, कारण एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही, ड्वार्फ हळू आहे. त्याचा वेग 6, तुमचा 12. तो एक पाऊल टाकतो तोवर तुमची दोन होतात. सरळ चालत निघून जायचं, पळायचीही गरज नाही. फक्त खणायचं हत्यार हातात असलेला ड्वार्फ भिंत फोडून येतो, म्हणून आपण कोपऱ्यात सुरक्षित आहोत असं समजून बसलात तर पाठीमागची भिंतच उघडते. मी शक्यतो पायरीच्या आसपास राहतो. पायरीवर उभं असलं की वर सटकता येते आणि चिकटून उभा असलेलाच मागं येतो. अर्थात पिल्लूही चिकटून असेल तरच सोबत येते, आणि हे पिल्लू नेमकं त्याच वेळी मेलेला नोम खात बसलेलं असतं. मी पायरीवर उभा राहून सर्च बटण दाबत त्याचं जेवण व्हायची वाट पाहतो, सावजी हॉटेलात बसलेल्या मित्राची पाहावी तशी. कितीदा वाटलं सोडून जावं.

अगदीच वेळ आली, एचपी 5 किंवा त्याच्या खाली गेले, तर प्रार्थना. पहिल्या 300 एक टर्नपर्यंत मात्र शक्यतो करायची नाही, देव रागावू शकतो. एकदा केली की पुढची हजारेक टर्न विसरून जा. बाटली प्यायची ती याच्यानंतर, प्रार्थना वापरून झाली असेल तेव्हा. तब्येत ठणठणीत असताना बाटली प्यायली तर कमाल एचपी थोडे वाढतात, हीलिंगनं 1, म्हणून काही लोक सुरुवातीलाच ढोसून घेतात. मला ते पटत नाही. 13 चे 17 झाले तरी मॅटकला काय फरक पडते.

आता पुढचा ठरलेला प्रश्न, की मग नोम जातीचाच हीलर का घेत नाही, नोम हीलरला माईन्समधले बहुतेक सगळे आपले समजून सोडून देतात. घ्या ना. पहिल्यांदा खेळत असाल तर तोच घ्या, मी भाच्यालाही तेच सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही. मला स्वतःला त्यात मजा येत नाही, कारण मग ड्वार्फचं लोखंडी टोपडं आणि बूट मिळवायला शांत बसलेल्या माणसाला मारावं लागते आणि देव नाराज होतो. माणूस हीलर असला की पिल्लू ड्वार्फला मारते आणि टोपडं मला मिळते. कधीकधी मिथ्रिलचं चिलखत पण. हलकं, मस्त, चार पॉइंटचं.

आणि हे सगळं करूनही फसतं हे पण सांगायला पाहिजे. दिवाळीच्या आसपास माझा एक हीलर पहिल्या लेव्हलला, 1900 च्या वर नाणी, पिल्लू जिवंत, वाँडमध्ये दोन चार्ज बाकी, असा देखणा माइनटाउनला पोचला. पाहतो तर दुकानं फुटलेली, दुकानदार गायब, गल्लीत ऑर्क (राक्षसांची एक जात) फिरून राहिले. माइनटाउनचे वेगवेगळे नकाशे आहेत आणि त्यातला एक असा आहे की गाव ऑर्कांनी लुटलेलं असतं. देऊळ होतं, पुजारी नव्हता. 1900 नाणी घेऊन मी रिकाम्या देवळात उभा. बायको म्हणाली चेहरा असा काहून केला, मी म्हटलं पुजारी मेला, तिला वाटलं आमच्या गल्लीतला.

भाच्याचं म्हणाल तर त्यानं शेवटी माझं अर्धं ऐकलं. पिल्लाला जपलं, स्टेथोस्कोप लावला, वाँड नीट वापरली. पण हातात स्काल्पेल आहे तर वापरू नाही का म्हणून रस्त्यात झोपलेले दोन ड्वार्फ आणि बरेच नोम स्वतःच कापले. रात्री साडेअकराला फोन, "मामा, पोचलो, देवळात आहो, पुजारी समोर आहे, किती देऊ?" म्हटलं लेव्हल किती. तिसरी. नाणी किती. 1150.

पन्नास कमी पडत होते. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला पुजारी उधारी करते का.