चिखल उपसण्याचे बळ

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांची उंची गाठली, तेव्हा आमच्या गल्लीतील प्रत्येकजण देवाकडे पाणी ओसरण्याचेच मागणे मागत होता. आई मात्र नातलगांच्या माडीवर, समईऐवजी मेणबत्ती लावून, 'चिखल उपसायला अंगात बळ दे' एवढेच म्हणत असे. (पाणी पाऊस आणि धरणांचा विसर्ग ठरवतात, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते.) तिचे ते मागणे मला अधिक श्रद्धेचे वाटते, कारण त्यात देवाला अट घातलेली नाही. कृष्णाकाठच्या गणपती मंदिरात हात जोडताना मीही आता मन स्थिर राहावे आणि राग आवरावा, एवढेच मागतो. ते लगेच मिळते असे नाही. मंडईत घासाघीस करताना आवाज अजूनही चढतो, परंतु तो चढल्याचे ध्यानात येते आणि बहुधा वेळीच येते.