उतारावरचा मांडव

जागा पसंत पडली ती सावलीमुळे. कौटुंबिक सोहळा, माणसं शे-दीडशे, आणि जमीन मात्र एका बाजूला सरळ उतरत गेलेली. नुसत्या नजरेनं उतार कळत नाही. समोर झाडं असली की डोळे हमखास फसतात. म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी घेतली. १५ मीटरमध्ये सव्वा मीटर उतार, म्हणजे साधारण १२ला १.

सगळं सपाट करायचा नाद पहिल्याच दिवशी सोडला. व्यासपीठ खाली आणि माणसं वर बसवली की मागच्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं. प्राचीन ग्रीक नाट्यगृहं डोंगरउतारावर बांधली ती उगाच नाही. पण खाली व्यासपीठ म्हणजे पावसाचं पाणीही तिकडेच. वरून चार बादल्या ओतून ते कुठून वाहतं ते पाहिलं, मग व्यासपीठाच्या वरच्या अंगाला आडवा चर खणून पाणी बाजूला वळवलं. विजेच्या केबल त्या वाटेपासून लांब ठेवल्या.

व्यासपीठाची खोली चार मीटर, त्यामुळे पुढच्या-मागच्या पायांत फुटाहून थोडा जास्त फरक. मांडववाल्यांनी विटा रचायला घेतल्या, त्या मी काढायला लावल्या. माणसं नाचायला लागली की विटांची चळत सरकते. स्क्रूनं उंची कमीजास्त होणारे पाय, प्रत्येकाखाली रुंद फळी आणि पायांना तिरके आधार, एवढं झाल्यावरच वर पाय ठेवला.

खरा वाद स्वयंपाकावरून. आचाऱ्याला वारा लागू नये म्हणून खळगा हवा होता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, खळग्यात साचतो. वरच्या बाजूला चूल मांडली तर तोच गॅस माणसांकडे उतरणार. शेवटी कडेची, खाली मोकळं रान असलेली जागा ठरली, आणि वाऱ्यासाठी एकाच बाजूला पत्र्याचा आडोसा. आचारी दिवसभर गप्प होता.

चाकाच्या खुर्चीसाठीचा रॅम्प १२ला १ पेक्षा तीव्र नसावा, असा सर्वसाधारण नियम. आमचा अख्खा उतारच त्या मर्यादेवर, तोही गवताचा. तिरकी वाट काढली तर चढ कमी होतो, पण खुर्ची कुशीवर कलते. म्हणून ज्येष्ठांची आणि चाकाच्या खुर्च्यांची जागा वरच्या सपाट पट्ट्यावर, गाडी थांबते तिथेच केली. बाकीच्यांना सतरंज्या, कारण उताराकडे तोंड करून खुर्चीत बसलं की सारखं पुढे सरकल्यासारखं होतं.

जेवणाची चौकोनी टेबलं डुगडुगत होती. पायाखाली खपल्या शोधण्याआधी टेबल जागच्या जागी थोडं थोडं फिरवून पाहावं. बहुतेक वेळा चारही पाय टेकतील अशी जागा सापडते. टेबल हलायचं थांबतं, सपाट होतंच असं नाही. ताकाची पातेली आम्ही त्यावर ठेवलीच नाहीत.