गाडी बाहेरून नवीकोरी, कोनसेट मात्र गंजलेला

गाड्या खोलणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे मालक तक्रार सांगत असतो तेव्हा कान त्याच्याकडे आणि डोळे गाडीवर असतात. त्या दिवशी आलेली गाडी बघून वाटलं की हा पोरगा चुकूनच आलाय. तीन वर्षांची मोटरसायकल, पण टाकीवर एक ओरखडा नाही, इंजिनच्या फिनमध्ये मातीचा कण नाही, सायलेन्सरमध्ये तोंड दिसेल अशी चकाकी. एवढी जपलेली गाडी माझ्याकडे वर्षातून एखाददुसरीच येते.

पोरगा म्हणाला, "दादा, हँडल मधेच अडकल्यासारखं होतं. काल वळणावर गाडी वळायलाच तयार नव्हती, पार रस्त्याच्या कडेला गेलो."

कडेला गेलो म्हटल्यावर हातातलं काम खाली ठेवलं. गाडी मेन स्टँडवर घेतली, पोराला मागच्या बाजूला जोर द्यायला सांगितला म्हणजे पुढचं चाक उचललं गेलं, आणि हँडल दोन बोटांनी हळूच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेलं. बरोबर मधोमध आल्यावर टक्. तिथेच बसलं, पुढे ढकलायला जोर लावावा लागला. परत उलट नेलं, परत तिथेच टक्. कोनसेट, म्हणजे मानेतला वाट्या आणि लोखंडी छर्र्यांचा बेअरिंग ज्यावर हँडल फिरतं, तो गेला हे तेवढ्यात कळलं, पण तीन वर्षांत आणि एवढ्या जपलेल्या गाडीचा का गेला ते काही कळेना.

चाक काढलं, फोर्क उतरवले, फोर्क धरणारा मानेतला दांडा, ज्याला आम्ही टी म्हणतो, तो खाली घेतला. वरची वाटी बरी होती. खालच्या वाटीतलं ग्रीस मात्र ग्रीस राहिलंच नव्हतं, साबणाच्या फेसासारखं पांढुरकं झालेलं आणि त्याच्याखाली तांबूस गंजाचा लगदा. तो पुसून वाटीवरून नख फिरवलं तर नख एकेका खड्ड्यात अडकत होतं, प्रत्येक छर्र्याचा एक खड्डा, सगळे सारख्या अंतरावर. मी पोराला म्हटलं, तू पण फिरवून बघ. त्याने नख फिरवलं आणि नुसता वाटीकडे बघत राहिला.

हे खड्डे पडतात कसे तर गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणजे छर्रे एकाच जागी बसून असतात आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का त्याच जागी बसतो. मधे ग्रीसचा थर असेल तर चालून जातं, पण ग्रीस धुऊन गेलं, पाणी साठलं, गंज धरला की लोखंडावर लोखंड आपटत राहतं आणि छर्रे स्वतःसाठी घरं करून घेतात, मग हँडल सरळ असताना त्या घरात जाऊन बसतं आणि बाहेर यायला कुरकुरतं. खालच्या वाटीला तर भार पण जास्त आणि चाकावरून उडणारं पाणी पण जवळ.

"पण दादा, मी तर दर रविवारी धुतो," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

कशाने धुतोस विचारलं. घरी प्रेशर वॉशर आणलाय, नोझल एक वीतभर लांब धरतो, आणि चिखल जास्त म्हणून सुरुवात पुढच्या चाकापासून आणि हँडलखालच्या मानेपासून करतो. म्हणजे दर आठवड्याला नेमका तिथेच फवारा.

मला खरंच वाईट वाटलं, कारण हा आळशी पोरगा नव्हता, गाडीवर जीव असलेला होता आणि त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला हिशोब सांगितला. टायरमध्ये आपण ३० पीएसआयच्या आसपास हवा भरतो. घरगुती प्रेशर वॉशर १०० बार दाबाचा असला तरी ते होतात जवळपास १४५० पीएसआय. बेअरिंगच्या तोंडाशी जे रबरी सील असतं ते पावसाचं पाणी, उडालेला चिखल अडवायला केलेलं असतं, वीतभरावरून आलेली एवढी धार अडवायला नाही. पाणी सीलच्या ओठाखालून आत जातं, आणि वाईट म्हणजे तेच सील मग पाण्याला बाहेर येऊ देत नाही. बाहेरून गाडी दहा मिनिटांत सुकते पण आतलं पाणी पुढच्या रविवारपर्यंत तिथेच, आणि पुढच्या रविवारी त्यात भर.

मग मी पण थांबलो नाही, सगळंच तपासलं. पुढच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं तर वाळू भरल्यासारखं करकरत होतं. प्लगची कॅप काढली तर प्लगच्या खड्ड्यात पाणी, कारण ते निघून जायचं छोटं भोक मातीने बुजलेलं. धुतल्यावर दोन दिवस गाडी मिसफायर मारते का, म्हणजे इंजिन मधेच अडखळतं का, विचारलं तर म्हणाला, "हो, मला वाटलं पेट्रोल खराब आहे." चेन ओ-रिंगवाली होती, तीही तो पेट्रोलने घासायचा. अशा चेनच्या आत पिन आणि बुशच्या मधे कंपनीतूनच ग्रीस भरून येतं आणि बारीक रबरी रिंगा ते धरून ठेवतात, पेट्रोलने त्या रिंगाच खराब होतात आणि मग वरून चेनचं तेल, म्हणजे लूब, कितीही मारा, आत पोचत नाही.

तेवढ्यात त्याने विचारलं, "धुतल्यावर डिस्कवर तांबूस डाग येतो, तिथे तो चमकवायचा स्प्रे मारला तर चालेल ना?" मी जवळजवळ ओरडलोच. डिस्कवर तेल, पॉलिश, गंजाचा स्प्रे काहीच नाही, अजिबात नाही. तो डाग पहिल्या दोनचार ब्रेकमध्ये आपोआप निघतो, पण स्प्रे पॅडमध्ये मुरला की गाडी थांबायची तिथे थांबणार नाही. टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागावर आणि सीटवर पण तेच, चकाकी आली की पकड गेली.

नवीन वाट्या ठोकून बसवल्या, ग्रीस भरलं, बेअरिंग बदलले, यात अर्धा दिवस गेला. पोरगा गेला नाही, बसून राहिला. मग मी म्हटलं चल, आता धुऊनच दाखवतो, तसेही माझ्या हातांचे काळे ठसे सगळीकडे लागले होते.

इंजिन आधीच थंड होतं. तापलेल्या इंजिनवर, डिस्कवर गार पाणी मारायचं नाही हे पहिलं. सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी बांधली, चावीच्या भोकावर टेप. साध्या नळीने, नोझल न लावता, वरून पाणी सोडलं आणि चिखल भिजू दिला. इथेच सगळे घाई करतात. सुका चिखल फडक्याने घासला की त्यातली रेती रंगावर ओरखडे काढते, भिजलेला चिखल स्वतःच सुटतो, फक्त थांबायला पाहिजे. दोन बादल्या, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत साधं पाणी फडकं खंगाळायला, म्हणजे निघालेली माती परत टाकीवर जात नाही. कपड्याच्या पावडरने वॅक्स जातं आणि उघडं ॲल्युमिनियम काळवंडतं. टाकीपासून खाली येत शेवटी चाकं, आणि चाकांचं फडकं वेगळं. चेनला केरोसीन लावून मऊ ब्रश. हँडलची मान, चाकाचे हब, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा सांधा, स्विच, मीटर इथे धार नाहीच, ओलं फडकं फिरवायचं. रेडिएटरच्या बारीक पात्या पण जोराच्या धारेने वाकतात.

धुऊन झाल्यावर सगळं पुसलं, पिशवी काढली (ही विसरणारे पण बघितलेत), इंजिन चालू करून थोडं फिरवून आणलं म्हणजे खाचाखोचातलं पाणी उडतं, जाताना हळू वेगात ब्रेक दाबत राहायचे म्हणजे पॅड सुकतात. मग चेन कोमट असताना लूब. त्याने हे सगळं मोबाईलवर लिहून घेतलं.

दीडेक महिन्याने चेन ताणायला आला. चकाकी थोडी कमी होती. मेन स्टँडवर घेऊन हँडल सोडलं तर ते आपल्याच वजनाने टोकापर्यंत गेलं, मधे कुठेच अडकलं नाही. मागच्या मडगार्डखाली मात्र चिखलाचा थर राहिला होता. "इथे हातच पोचत नाही दादा, आणि मशीन तर मारायचं नाही ना," तो म्हणाला. माझ्याकडे लांब दांड्याचा एक मऊ ब्रश जास्तीचा होता, तो त्याला देऊन टाकला.