पाचवा एक्स्ट्रा

आमच्या संघात कागदावर बारा पोरं असायची. सात मैदानात, पाच एक्स्ट्रा. त्यातल्या पाचव्या एक्स्ट्राचं काम म्हणजे पाण्याचा कॅन भरून आणायचा, सगळ्यांच्या चपला राखायच्या आणि जिंकलो तर फोटोत कडेला उभं राहायचं. पंधरा वर्षं झाली मी गावचा कबड्डी संघ सांभाळतोय. बेळगाव-वेंगुर्ला रोडवर, कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीच्या जरा अलीकडं आमचं गाव. एवढ्या वर्षांत यात काही खटकलं नाही. खटकलं ते भाच्यामुळं.

भाचा मेलबर्नला असतो. एकेकाळी माझाच रेडर, आता कॉम्प्युटरवर बसून पोट सुटलंय. 2024 च्या सप्टेंबरात, शनिवारी सकाळी दहाला त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, चहा बाजूला ठेवा आणि ही फायनल बघा." तिकडचं फुटबॉल, ऑस्ट्रेलियन रूल्स म्हणतात ते. मैदान क्रिकेटचंच, चेंडू लांबट, एका बाजूला अठरा जण. हातात धरून पळतात, मुठीनं ठोसा मारून पास देतात. पहिला अर्धा तास मला ती यात्रेतली ढकलाढकलीच वाटली. पण माणूस माणसाला कसा अडवतोय हे दिसायला लागलं, आणि मग मी हललो नाही. चहा गार झाला, कामावर अर्धी रजा पडली.

ब्रिस्बेन विरुद्ध सिडनी. ब्रिस्बेननं 120-60 असं चेचलं. भाचा मात्र गोलांकडं बघू देईना. "मामा, त्यो लंबू बघा." लंबूचं नाव डार्सी फोर्ट. या खेळात पंच चेंडू वर उडवतो तेव्हा दोन्हीकडचा सगळ्यात उंच गडी उडी मारून तो आपल्या पोरांकडं वळवतो. ब्रिस्बेनचा तो नेहमीचा गडी ऑस्कर मॅकिनर्नी. आदल्याच आठवड्यात, फायनलच्या अगदी आधीच्या सामन्यात (तिकडं त्याला प्रिलिमिनरी फायनल म्हणतात) त्याचा खांदा निखळला. फोर्ट त्याच्यामागं थांबलेला दुसरा लंबू. त्याला थेट फायनलला उभं केलं, लाखभर माणसांसमोर.

खरं तर त्या वर्षी ब्रिस्बेनचं काहीच धड नव्हतं. हंगामाचे पहिले तीन सामने हरले. चौघांच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. एकाच संघात, एकाच हंगामात चार! माझ्या एकाच गड्याचा पाय गेला तर मी कपाळाला हात लावला होता.

ते सांगतोच. त्याच्या आदल्या वर्षी, यात्रेतली स्पर्धा, रात्री साडेअकराची फायनल, हॅलोजनखाली किड्यांचे थवे. आमचा लेफ्ट कॉर्नर, म्हणजे डाव्या टोकाला पकड करणारा, सुरुवातीलाच पाय मुरगळून बसला. आत घातला तो तोच, चपला राखणारा. पोरगं तयारीचं होतं, सरावात कुणालाही घोट्यात धरायचं. पण वर्षभरात त्याला मी एकही पूर्ण सामना दिला नव्हता. पकड अर्ध्या सेकंदानं चुकायची. तीन गुणांनी हरलो. परतताना टेंपोत सगळे त्याच्यावर घसरले, आणि मीही तोंड सोडलं. नंतर तो आला नाही.

भाच्याला विचारलं, हे लोक फोर्टला फायनलपर्यंत गरम कसा ठेवतात? तर म्हणाला, मामा, तिकडं बाकावर बसून कुणी मुरत नाही. क्लबकडं चाळीसेक गडी पगारी असतात, सामन्याच्या यादीत तेवीस. उरलेले खालच्या लीगमध्ये त्याच क्लबच्या दुसऱ्या संघातून खेळतात, स्वतःच्याच जागेवर. 2019 चा मार्लियन पिकेट तर ऐकाच म्हणाला. तुरुंगात राहून आलेला माणूस, हंगामाच्या मध्यावर रिचमंड क्लबनं उचलला. दुसऱ्या संघाची फायनल जिंकून दिली आणि पुढच्याच आठवड्यात पहिल्या संघाची फायनल खेळला. वरच्या पातळीवरचा तो त्याचा पहिलाच सामना. ते 89 गुणांनी जिंकले.

मला तुरुंगापेक्षा तो आधीचा आठवडा महत्त्वाचा वाटला.

पोरं आणायच्या त्यांच्या तऱ्हा ऐकून मात्र करमणूक झाली. जो संघ तळाला, त्याला नव्या पोरांतून आधी निवड. आमच्याकडं उलटं, चांगला रेडर दिसला की मोठं गाव उचलून नेतं. वारसाहक्कही आहे: बापानं त्या क्लबकडून शंभर सामने खेळले असतील तर पोराला त्याच क्लबकडं घेता येतं. ब्रिस्बेनचा विल अॅशक्रॉफ्ट तसाच आला, आणि या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. आमच्याकडं शंभर कशाला, बाप गावच्या पंच कमिटीत असला की झालं.

आणखी एक ऐकून हसू आलं. ऑल्बरी नावाचं गाव दोन राज्यांच्या हद्दीवर, मरे नदीच्या काठी. तिथली पोरं आधी एका क्लबच्या अकादमीच्या हद्दीत होती, मग तो पट्टा वगळला. म्हटलं, म्हणजे तिथंही हाय की हे! माझा एक चांगला कव्हर, म्हणजे कॉर्नरच्या आत उभा राहून पकड करणारा, हद्दीपलीकडच्या शिनोळीकडचा. घर माझ्यापासून चार किलोमीटर, पण जिल्हा कोल्हापूर. गावच्या स्पर्धेला चालतो, जिल्हा निवडीला चालत नाही.

गेल्या दिवाळीनंतर बी टीम काढली. दर दुसऱ्या रविवारी हद्दीपलीकडच्या गावांशी सामने. पहिल्या संघातल्यांनी जायचं नाही, चपला ज्याच्या त्यानं राखायच्या. पंच मंडळींनी हिशेब मागितला. एक काका म्हणाले, "हरायला दोन-दोन टेंपो कशाला रे?" उत्तर नव्हतं, पहिले चार सामने हरलोच होतो. त्यात भरतीचं आलंच. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, त्यामुळं अठराचा झाला की पोरगा पहाटे रोडवर पळायला लागतो आणि मैदानातनं जातो. चपला राखणारा तोही असाच पळताना दिसतो. मी गाडी हळू करतो, तो मान हलवतो, तेवढंच.

लेफ्ट कॉर्नरला आता नववीतलं पोरगं आहे. परवा बी टीमकडून त्यानं पाच पकडी केल्या आणि कोपर सोलून घरी गेला. रात्री त्याच्या आईचा फोन, परीक्षा होईपर्यंत तो येणार नाही. यात्रा तीन आठवड्यांवर आलीय. वही काढून बसलोय, त्याच्या मागं कोण ते बघतोय.