पत्र्यातलं कुसळ

पत्र्यातून ड्रिल आरपार गेलं की भोक पडतं, आणि त्याच्या काठावर एक बारीकशी झालरही उभी राहते. वर्कशॉपच्या भाषेत ती 'बर'. बर राहिली की बरं नाही, एवढा एकच विनोद तिच्यावर करता येतो. बोट फिरवलं तर कुसळासारखी टोचते, आणि घरी बांधायच्या विमानात या कुसळाचं मुसळ व्हायला वेळ लागत नाही.

दोन पत्रे एकावर एक ठेवून भोक पाडलं की बर मधल्या फटीतही येते. ती तशीच ठेवून रिव्हेट ठोकली तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत आणि रिव्हेट फुगताना त्या फटीत पसरते. वरून डोकं मात्र अगदी साजरं दिसतं. म्हणून भोकं पाडून झाली की क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना) काढायचे, पत्रे सुटे करायचे, काठ साफ करायचे आणि मगच पुन्हा जोडायचे. एका रिव्हेटीमागे दोन पत्र्यांचे चार काठ. म्हणजे 10,000 रिव्हेटींना 40,000 काठ. एकेकाला तीन सेकंद धरले तरी 33 तास. मान अवघडते तो वेळ वेगळा.

अवजार साधं: दांडीच्या टोकाला काउंटरसिंकचं, म्हणजे भोकाचं तोंड उतरतं कापणारं, पातं. हलक्या हाताने दोन-तीन वळसे, बस्स. आळशी माणूस इथे चुकतो, पण कामसू माणूस जास्त चुकतो. पाचव्या-सहाव्या वळशापर्यंत भोकाच्या तोंडाला उतार पडू लागतो. 0.8 मिलिमीटरच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी असा उतार पडला, तर रिव्हेटीला टेकायला उरते ती जवळजवळ सुरीची धार. 1988 मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छप्पर हवेत उडालं. तिथे रिव्हेटीचं डोकं बसवायला कापलेला उतार पत्र्याच्या पूर्ण जाडीतून उतरून अशीच धार झाली होती, आणि तडे त्या भोकांपासूनच सुरू झाले होते. तिथला दोष बर काढण्याचा नव्हता, पण पत्र्याला कारणाशी काय देणंघेणं! उलट बर ठेवून डिंपल (रिव्हेटीच्या डोक्यासाठी पत्र्यात दाबून केलेला खळगा) दाबला तर भोकाच्या काठापासून बाहेर तडे जातात. डिंपलच्या आधी भोक साफ हवंच.

कात्रीने कापलेला काठ भिंगाखाली करवतीसारखा दिसतो. तिथे कानस आडवी धरून, दोन्ही हातांनी, काठाच्या लांबीने ओढायची. लांबीने पडलेले ओरखडे फारसं बिघडवत नाहीत. काठाला आडवा गेलेला एखादाच ओरखडा तड्याला वाट दाखवतो. अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्यामुळे कानशीच्या दातांत भरतं, आणि तोच अडकलेला कण पुढचा ओरखडा पाडतो. कानशीला आधी खडू घासावा, भरली की तारेच्या ब्रशने झाडावी. मग स्कॉच-ब्राइटचं (खरखरीत तंतूंच्या घासणीचं) चाक. पत्रा एकाच जागी धरला तर चाकाला खाच पडते आणि पातळ पत्रा तिच्यात अडकून हातातून हिसकला जातो. धरायचा तो सरकता. ज्या चाकावर पोलाद घासलं त्यावर अ‍ॅल्युमिनियम नको, आणि पोलादी लोकर तर मुळीच नको. लोखंडाचे कण रुततात आणि तिथून गंज सुरू होतो. चाक पत्र्याच्या सपाट अंगावरही फिरवू नये. अल्क्लॅड जातीच्या पत्र्यावरचा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर पातळ असतो आणि गंजापासून राखतो तोच.

जिथे पत्रा वाकवायचा तिथल्या काठाची दोन्ही टोकं वाकवण्याआधीच गुळगुळीत करावीत. वाकताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या अंगाला बसतो, आणि चीर पडली तर तिथेच.

झालं की नाही ते डोळ्यांना विचारू नये. कापसाचा बोळा काठावरून सावकाश ओढावा. तंतू जिथे अडकून राहील तिथे काम बाकी आहे. बहुतेक वेळा तो अडकतो पत्र्यात कापलेल्या खाचेच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे चाकही पोचत नाही आणि कानसही. तिथे गोल काडीला 400 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि बोळा सुटा निघेपर्यंत घासायचं.