गालाचा कॅन्सर परत आल्यावर: बाकावर शेजारी बसलेल्यांनी शिकवलेलं

गालाच्या कॅन्सरने पुन्हा डोकं वर काढलं की उपचार डॉक्टर ठरवतात. पण रोजचं तोंड कसं सांभाळायचं, हे मला कळलं ते परळच्या टाटा हॉस्पिटलच्या ओपीडीतल्या बाकांवर आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या माणसांकडून. तिथे बोलणं बोबडं का येतंय ते कुणाला सांगावं लागत नाही. लाळ टिपायचा रुमाल सगळ्यांच्याच खांद्यावर असतो.

सगळ्यांत कामाचं म्हणजे आखडलेलं तोंड उघडण्यासाठी काड्यांचा व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या उकळून वाळवायच्या, एकावर एक रचून दाढांमध्ये सरकवायच्या आणि ताण बसेल तिथे अर्धा मिनिट धरायच्या. दिवसातून पाच-सहा वेळा. टाके भरल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली की मगच सुरू करायचं. जमलं तर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. एकदम दोन घुसवल्या की स्नायू दुखावतो आणि तोंड आणखी आखडतं. काड्या किती मावल्या ते कॅलेंडरवर रोज लिहा, कारण हा आकडा नुसता व्यायामाचा नाही. काल मावत होत्या त्यापेक्षा दोन-तीन कमी मावू लागल्या आणि त्याच बाजूचा कान ठणकू लागला, तर ‘रेडिएशनमुळे असेल’ म्हणून बसू नका. पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. आजार परतण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त असतो.

रेडिएशन झालेल्या बाजूचा दात हलला, दुखला तरी गल्लीतल्या दवाखान्यात काढून घ्यायचा नाही. तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरत नाही आणि जबडा सडू लागतो.

जेवणासाठी नाकातून नळी असेल तर एका वेळी 200 ते 250 मिली पातळ अन्न, बसूनच, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाचणीची पेज गाळून, कोमट असतानाच द्यायची. गार झाली की घट्ट होते आणि नळी तुंबते. शेवटी 50 मिली साधं पाणी सोडायचं. नाकपुडीपाशी नळीवर पेनाने खूण करून ठेवा. खूण बाहेर सरकलेली दिसली तर काही घालू नका आणि नळी आत ढकलूही नका. ती श्वासनलिकेत गेली तर फार महागात पडतं.

मेथोट्रेक्सेट या कॅन्सरवरच्या औषधाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असेल तर वार ठरवा. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं.

बाकावर सगळंच ऐकायचं नसतं, हेही खरं. ‘तुमची कितवी स्टेज?’ या प्रश्नातून हाती काही लागत नाही. कुणी जडीबुटीचा पत्ता दिला तर कागद खिशात घालून विषय बदलावा. मॉर्फिन म्हणजे आता संपलं, असंही तिथेच ऐकायला मिळतं. मॉर्फिन दुखणं कमी करण्यासाठी असतं. त्यावर बरीच माणसं चालती-फिरती, घास गिळती राहतात. फक्त पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच लिहून घ्या, कारण मॉर्फिनने हमखास कोठा धरतो.