तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा कॉलेजात सोशल लाइफ असतं का?

ॲडमिशनचे दिवस आले की माझा फोन वाजायला लागतो. कुणाची मुलगी, कुणाचा पुतण्या, आणि प्रश्न ठरलेला. तुझं ते कॉलेज एवढंसं, १८० मुलं, सगळी तिथेच राहणारी, तिथे सोशल लाइफ असं काही होतं का गं, का आपलं नुसतं अभ्यास आणि झोप? इतकी वर्षं मी याला एकच उत्तर देत आलेय, "भरपूर होतं, बिनधास्त पाठवा." यावर्षी माझ्या भाचीनेच विचारलं आणि ते उत्तर काही तोंडातून निघेना. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढे कुणी विचारलं तर हेच पाठवीन.

पहिल्यांदा एक गैरसमज काढते कारण त्याचा मला खरंच वैताग आलाय. लहान जागा म्हणजे मुलगी एकटी पडेल असं तुम्हाला वाटतं. अहो, तिथे एकटं राहताच येत नाही. १८० माणसांच्या जोड्या किती होतात ते कागदावर करून बघा, १६,११० होतात, आणि त्यातल्या निम्म्याअधिक जोड्यांचं आपसात काय चाललंय हे आम्हाला माहीत असायचं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं परवापर्यंत जमत होतं आणि आता जमत नाही, कोण कुणाच्या नोट्सवर पास होतंय. माणसाला साधारण १५० जणांशी खरी ओळख टिकवता येते असा अंदाज मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात मांडला, त्या आकड्यावर वाद आहेत, पण आमचं कॉलेज त्याच्याच आसपासचं होतं आणि मला ते पटतं, कारण वर्ष संपेपर्यंत मला पाठमोरा माणूस नुसत्या चालीवरून ओळखू यायचा.

आणि ॲक्टिव्हिटीज म्हणाल तर मी तीन वर्षांत डिबेट केली, भित्तिपत्रकाचं संपादन केलं, नाटकाची प्रकाशयोजना केली, फिल्म क्लबचा प्रोजेक्टर सांभाळला, आणि खेळता येत नसताना व्हॉलीबॉलच्या टीममध्ये उभी राहिले कारण पाचच जणी होत्या. मोठ्या कॉलेजात ऑडिशन असते, निवड होते, यादी लागते आणि यादीत नाव नसलेले घरी जातात. आमच्याकडे कुणीतरी दारात येऊन विचारायचं, "संध्याकाळी मोकळी आहेस ना?" झाली निवड. मी जे काही आज करते, लोकांसमोर उभं राहून बोलणं, चार माणसं धरून एखादं काम तडीला नेणं, ते मला या दारावरच्या टकटकीने शिकवलं आणि याबद्दल मी एक शब्दही मागे घेणार नाही.

हे आमच्यापुरतंच नव्हतं. रॉजर बार्कर आणि पॉल गंप यांनी अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लहान आणि मोठ्या शाळांची तुलना केली होती, १९६४ साली ती छापली गेली. शाळा होत्या, कॉलेजं नव्हेत, पण गोष्ट तीच. लहान शाळेतल्या मुलाच्या वाट्याला जबाबदारीची कामं जास्त यायची आणि मुख्य म्हणजे जी मुलं अभ्यासात कच्ची, कडेकडेने राहणारी, त्यांनाही तिथे "माझ्यावाचून अडेल" असं वाटायचं. मोठ्या शाळेत अशा मुलांना कुणी हाकच मारत नव्हतं. हे मी बऱ्याच उशिरा वाचलं आणि आधी खूप आनंद झाला, बघा मी म्हणत होते तेच आहे. मग रात्री परत आठवलं आणि त्या "माझ्यावाचून अडेल"ची दुसरी बाजू दिसली, ती मी पाहिलेली होती, पाहिलेली काय, त्यात माझा हात होता.

तर तेच सांगायचंय.

दुसऱ्या वर्षाला आमची नाट्यसचिव माझी मैत्रीण होती. माझ्या खोलीपासून दोन दारं सोडून राहायची. वार्षिक नाटकाला दोन आठवडे उरले असताना तिने तालमी बंद केल्या, बरं नाहीये असं सांगून, एक दिवस, दोन दिवस, असे नऊ दिवस. बावीस जण त्या नाटकात अडकले होते. नेपथ्य करणाऱ्या मुलांनी रात्री जागून फ्रेम्स ठोकल्या होत्या, हॉलची तारीख मिळवायला तीन अर्ज केले होते, आणि ती दार लावून बसलेली. लोक चिडले. रास्त चिडले असं मला तेव्हा वाटलं आणि आत्ताही पूर्णपणे चूक वाटत नाही. मग तिला पदावरून काढायचा ठराव आला, सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. मी त्या वर्षी विद्यार्थी मंडळाची सहचिटणीस होते. हजेरी घेणं, हात मोजणं, इतिवृत्त लिहिणं हे माझं काम.

मंडळाच्या घटनेप्रमाणे कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एक तृतीयांश, म्हणजे ६०. रात्री नऊला कॉमन रूममध्ये मी मोजले तर ५८. नियम असा की अर्धा तास थांबायचं, तरीही कोरम झाला नाही तर सभा रद्द आणि पुन्हा सात दिवसांची नोटीस. पाच दिवसांवर परीक्षा होती, परीक्षेच्या काळात सभा घेता येत नव्हती. म्हणजे दोन माणसं आली नसती तर तो ठराव आपोआप विरून गेला असता, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलेलं होतं. कुणी मला जा म्हटलं नाही. मीच उठले. अर्धवट राहिलेलं काम मला सहन होत नाही, तेव्हाही होत नव्हतं. कॉरिडॉरमध्ये पहिल्या वर्षाची एक मुलगी अभ्यास करत बसली होती, तिला काय चाललंय याचा पत्ताही नव्हता, तिला घेतलं. अजून एक हवी होती. आणि मी जाऊन माझ्या मैत्रिणीच्याच खोलीचं दार वाजवलं. ती स्वतः खाली सभेत बसलेली होती, पण तिची रूममेट लाइट बंद करून मुद्दाम वर थांबली होती. मी तिला म्हटलं, "फक्त येऊन बस, तटस्थ राहा, तुझ्या मताने काही फरक पडत नाही." ती काही न बोलता चप्पल घालून माझ्यामागून आली.

साठ झाले.

सगळी चर्चा तिच्यासमोर झाली. कुणी शिवीगाळ केली नाही, आवाजही चढला नाही, एकेक जण उठून आपली किती रात्रींची झोप गेली ते सांगत होता आणि ती ऐकत होती. मग मतदान, हात वर करून. कुणी एकाने जरी गुप्त मतदान मागितलं तरी द्यावं लागेल असं घटनेत होतं. कुणी मागितलं नाही. मीही नाही मागितलं, आणि ते कलम त्या खोलीत सगळ्यात चांगलं मलाच पाठ होतं. बाजूने ३९, विरुद्ध १४, त्यात एक तिचं स्वतःचं, तटस्थ ७. त्या ३९ मध्ये एक हात माझा. मोजताना तो मी शेवटी मोजला.

आता जे सांगते ते मी आजवर फार कमी लोकांना सांगितलंय. तालमी बंद करायच्या आधी एकदा रात्री जिन्यावर ती मला म्हणाली होती, "मला झेपत नाहीये, झोप लागत नाही, मी सोडू का हे?" आणि मी तिला म्हटलं, "आता सोडून कसं चालेल, दुसरं आहे कोण?" खरंच दुसरं कोणी नव्हतं! मी खोटं बोलले नाही. पण तीन आठवड्यांनी तिला काढायला हात वर केला तेव्हा मात्र दुसरं माणूस लगेच सापडलं, आणि नाटक परीक्षेनंतर झालं, चांगलं झालं, लाइट्स मीच केल्या. हे लिहिलं नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमध्ये तीच १८० माणसं. एवढंच मला तुमच्या डोक्यात घालायचंय. मोठ्या कॉलेजात तिने दुसरं कँटीन शोधलं असतं, दुसरा ग्रुप, किंवा कुठल्या तरी लायब्ररीचा चौथा मजला. आमच्याकडे एक मेस, एक कॉरिडॉर, एक जिना. कुणी ठरवून बहिष्कार टाकला नव्हता, शपथेवर सांगते. प्रत्येकाला वाटायचं की तिच्याशी बोलायला तिच्या जवळचं कुणी असेलच. मलाही तसंच वाटायचं, आणि तिच्या जवळची मीच होते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात कोण कुणाला जवळचा मित्र म्हणतं ते दारांच्या अंतरावर ठरत होतं, लागून असलेल्या दाराला ४१ टक्के, एक घर मध्ये असेल तर २२, मजल्याच्या टोकाला १०. हे वाचताना मला आमचा कॉरिडॉर दिसला. दाराच्या अंतराने मैत्री जुळते हे मला मान्य आहे. तेवढ्याच अंतरावरून रोज एखाद्या बंद दारासमोरून जातासुद्धा येतं, तीन महिने.

वर्षाच्या शेवटी ती गेली. हजारो मुलांच्या कॉलेजात. तिथे ती कशातच भाग घेत नव्हती आणि तिला ते फार आवडलं होतं असं तिच्या रूममेटकडून कळलं.

मी वीस वर्षांची होते. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगते. आणि नियमाप्रमाणेच वागले, हेही. पण कोरमचा नियम असतो कशासाठी, मूठभर लोकांनी सगळ्यांच्या वतीने निर्णय घेऊ नये म्हणून ना? त्या रात्री बाकीचे १२० जण आले नव्हते, तेच कदाचित त्यांचं उत्तर होतं आणि मी ते दारं वाजवून खोडलं. मग लगेच दुसरं मन म्हणतं, मुलांनीच कॉलेज चालवायचं म्हटलं तर कुणीतरी दारं वाजवायलाच हवीत. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात डीप स्प्रिंग्स नावाचं कॉलेज आहे, १९१७ पासूनचं, जेमतेम तीसेक विद्यार्थी, गुरंढोरं बघतात, शेती करतात, प्राध्यापक कोण घ्यायचे आणि पुढच्या वर्षी कुणाला प्रवेश द्यायचा यातही त्यांचं मत असतं. शंभर वर्षांवर चाललंय. म्हणजे जमतं. तीस जणांच्या त्या कळपात एखाद्याला नऊ दिवस दार लावून बसावंसं वाटलं तर काय करत असतील, हे मला तिथे जाऊन विचारायचंय.

आणखी एक. थिओडोर न्यूकम यांनी १९३० च्या दशकात व्हरमाँटमधल्या बेनिंग्टन या छोट्या निवासी कॉलेजातल्या मुलींचा अभ्यास केला. १९३६ च्या अमेरिकन निवडणुकीत तिथल्या पहिल्या वर्षाच्या बहुतेक मुली घरच्यांसारख्याच रिपब्लिकन उमेदवाराच्या बाजूने होत्या, वरच्या वर्गांत मात्र तशा फारच थोड्या. कॉलेजचा रंग चढत जायचा, ज्यांच्यावर चढला त्याच जास्त लोकप्रिय असायच्या, आणि पंचवीसेक वर्षांनी पुन्हा विचारलं तर बहुतेकींवर तो टिकलेला होता. माझ्यावरही टिकलाय. अजून कुणी काम अर्धवट टाकलं की माझा हात आधी वर जातो.

तिला मी मध्यंतरी लांबलचक मेल लिहिला. दोन ओळींचं उत्तर आलं, छान, मोकळं, आणि त्यात त्या रात्रीबद्दल काहीच नव्हतं. तो विषय तिच्यासाठी संपलाय की माझ्याशी बोलण्यासारखा नाही, मला ठरवता येत नाही.

भाचीला मी "जा" म्हटलं नाही आणि "जाऊ नको" पण नाही. म्हटलं, कॉलेज बघायला जाशील तेव्हा किती क्लब आहेत ते विचारू नकोस, गेल्या वर्षी कुणी मधेच काम सोडलं होतं का ते विचार, आणि ते माणूस आता जेवायला कुणाबरोबर बसतं तेही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मावशी, मग तू कुठे बसायचीस?"

शेजारच्या टेबलावर. तिच्याकडे पाठ करून.